सरकलेला सण

शनिवार सकाळ. चहा झालाय, कपडे मशीनमध्ये टाकलेत, रूममेट अजून घोरतोय. म्हणजे लिहायला मस्त वेळ. आजचा विषय सॉफ्टवेअरचाच आहे, पण पूर्ण नाही. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आणि दर वेळी काहीतरी अर्धवट टाइप करून सोडून देत होतो. आज पूर्ण करायचंच.

तर झालं असं. १४ फेब्रुवारी २०२४, बुधवार. व्हॅलेंटाइन डे म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये लाल फुगे वगैरे लावले होते आणि जेवणात चिकन बिर्याणी होती. आयटीतल्या माणसाला फुकटची बिर्याणी दिसली की तो विचार करत नाही. मीही केला नाही. दोन वेळा वाढून घेतली.

रात्री नेहमीप्रमाणे मम्मीला व्हिडिओ कॉल लावला. मी पुण्यात, ती वसईला. स्क्रीनवर तिचा चेहरा आला आणि माझ्या पोटात गोळा आला. तिच्या कपाळावर राखेचा क्रूस होता.

राखेचा बुधवार! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ या दिवशी सुरू होतो. चर्चमध्ये फादर कपाळावर राख लावतात. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या, वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. त्या दिवशी मांस वर्ज्य. वर्षात असे कडक दिवस दोनच, हा आणि गुड फ्रायडे. आणि मी दोन प्लेट बिर्याणी हाणून बसलो होतो.

मम्मीने माझ्या कपाळाकडे बघितलं. काही बोलली नाही.

"जेवलास का?"

"हो."

"काय होतं?"

"पनीर," मी म्हणालो.

घरी आम्ही कादोडी बोलतो, इथे सोयीसाठी प्रमाण मराठीत लिहितोय. पण खोटं कुठल्याही बोलीत तसंच ऐकू येतं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? खरंय, मी काही फार धार्मिक प्राणी नाही. रविवारची मिस्सासुद्धा पुण्यात महिन्यातून एकदा झाली तर झाली. पण मला टोचलं ते वेगळं. मी विसरलो नव्हतो, मला *माहीतच नव्हतं*. माझ्या फोनमध्ये क्लायंटच्या देशातल्या सगळ्या सुट्ट्या होत्या. टीममधल्या बारा जणांचे वाढदिवस होते. क्रेडिट कार्डाच्या बिलाची तारीख होती. माझ्या घरात काय चाललंय याची एकही तारीख नव्हती.

हे काम पूर्वी पप्पांचं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लटकलेली असायची. एक कालनिर्णय, एक चर्चमधून आणलेलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पप्पा ती दोन्ही टेबलावर पसरून बसायचे आणि चर्चच्या कॅलेंडरातले सण लाल पेनाने कालनिर्णयच्या चौकटीत उतरवून काढायचे. दूधवाल्याचा हिशोब आणि गॅसचा नंबर निळ्या पेनाने, सण लाल पेनाने. मी एकदा विचारलं होतं, दोन्ही भिंतीवर आहेत तर परत लिहायचं कशाला? म्हणाले, "माणूस एकाच ठिकाणी बघतो रे." (आम्ही याला आता 'सिंगल सोर्स ऑफ ट्रुथ' म्हणतो आणि त्यावर दोन तासांची मीटिंग घेतो.)

पप्पा गेले २९ मार्च २०२२ ला. त्यानंतर लाल पेन कुणी हातात घेतलं नाही.

असो. तर त्या शनिवारी मी ठरवलं, चर्चचं पूर्ण वर्ष फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायचं. एक फाइल डाउनलोड करायची, इम्पोर्ट बटण दाबायचं, पाच मिनिटांचं काम. आयटीत कुणी 'पाच मिनिटांचं काम' म्हटलं की समजून जायचं.

फाइल मिळाली, अमेरिकेतल्या कुणीतरी बनवलेली. मी उत्साहाने थेट माझ्या मुख्य कॅलेंडरमध्येच ओतली. सोमवारी स्टँडअपमध्ये मी स्क्रीन शेअर करत असताना कोपऱ्यात नोटिफिकेशन आलं, अमुक संताचा स्मरणदिन. टीम लीडने विचारलं, "ही कोण रे नवीन जॉइन झालीय?" :)

पहिला धडा: असलं काही कधीही मुख्य कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करू नका. वेगळं कॅलेंडर बनवा, म्हणजे चुकलं तर ते आख्खं उडवता येतं. मी साडेतीनशेच्या वर नोंदी हाताने उडवल्यात, अनुभवाचे बोल आहेत.

पण खरी गडबड दुसरीच होती. उडवता उडवता मी ६ फेब्रुवारीवर आलो. तिथे लिहिलं होतं, 'संत पॉल मिकी आणि सोबती'.

आता हे 'सोबती' कोण? जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं होतं. पॉल मिकी त्यातला जपानी जेझुइट. आणि उरलेल्या पंचवीस जणांत एक होता गोन्सालो गार्सिया. आमच्या वसईचा! वसईत जन्मलेला, जपानात व्यापार केलेला, मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झालेला आणि जपानी भाषा येते म्हणून दुभाष्या म्हणून परत जपानला गेलेला. (म्हणजे वसईचा पहिला ऑनसाइट गेलेला माणूस, असं मी कॉलेजात म्हणायचो.) १८६२ मध्ये या सगळ्यांना संतपद मिळालं. आमच्याकडे त्याच्या नावाचं कॉलेज आहे, चर्च आहे, वसई किल्ल्यातलं एक पडकं चर्च त्याच्याच नावाने ओळखतात. वसई धर्मप्रांताचा तो आश्रयदाता संत. आणि माझ्या फोनमध्ये तो 'आणि सोबती' या दोन शब्दांत बसला होता.

गंमत म्हणजे मरण ५ तारखेचं आणि सण ६ तारखेला. का? तर ५ तारीख संत अगाथाने त्याच्या कितीतरी शतकं आधी अडवून ठेवलेली. मग ही मंडळी एक दिवस पुढे सरकली. हे 'सरकणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या फाइलमध्ये आमचं बरंच काही असंच हरवलं होतं. ३ जुलैचा संत थॉमस आणि ३ डिसेंबरचा फ्रान्सिस झेवियर यांना भारतात जो मान आहे तो तिथे नव्हता. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस एका ओळीत. वांद्र्याची जत्रा, त्या आठवड्यातली लोकलची गर्दी, लहानपणी तिथून आणलेली शिट्टी, यातलं काही फाइलमध्ये असणं शक्यच नव्हतं म्हणा. पण ठरवलं, आपलं आपणच लिहायचं. पायथन उघडलं.

पहिला प्रश्न ईस्टर. चर्चच्या वर्षातले निम्मे सण नाताळासारखे ठरलेल्या तारखेला येतात, आणि निम्मे ईस्टरला दोरीने बांधलेले असतात. ईस्टर हलला की राखेचा बुधवार ४६ दिवस आधी, पेंटेकॉस्ट ४९ दिवस नंतर, अशी सगळी वरात हलते. कॅलेंडरमधलं 'दर वर्षी रिपीट करा' इथे कामाचं नाही.

ईस्टरचा नियम सांगायला सोपा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. हे मी रूममेटला सांगितलं तर तो उठूनच बसला. साताऱ्याचा आहे, घरात रोज पंचांग बघतात. "म्हणजे तुमचं पण तिथीवर असतं?" म्हटलं, असतं बाबा. तू होळी खेळलास की बघ, कित्येकदा त्याच पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमचा ईस्टर असतो. २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चला आणि ईस्टर ३१ ला. होळीची नाही तर पुढची, चैत्राची.

मी हुशारी करायला गेलो. खगोलशास्त्राची लायब्ररी घेतली, खऱ्या चंद्राची खरी पौर्णिमा काढली, आणि मागच्या वर्षांवर टेस्ट केलं. सगळी वर्षं बरोबर आली आणि २०१९ फसलं. प्रोग्राम म्हणाला २४ मार्च, खरा ईस्टर झाला होता २१ एप्रिलला. जवळजवळ महिन्याचा फरक! दोन तास बग शोधला. बग नव्हताच. चर्च आकाशाकडे बघतच नाही, चर्च तक्त्याकडे बघतं. वसंतसंपात तक्त्यात कायमचा २१ मार्च. आणि पौर्णिमा १९ वर्षांच्या चक्रातून काढलेली, हिशोबाची पौर्णिमा. २०१९ मध्ये आकाशातली पौर्णिमा २१ मार्चला येऊन गेली, पण तक्त्यातली पौर्णिमा १८ एप्रिलला होती.

हे १९ वर्षांचं चक्र ओळखीचं वाटतंय ना? आपला अधिक महिनासुद्धा साधारण त्याच हिशोबावर चालतो, १९ वर्षांत सात वेळा. चंद्र आणि सूर्य यांचं भांडण सगळ्यांच्याच घरात आहे आणि सगळ्यांनी तडजोडही जवळपास तीच काढलीय.

आणि एकदा तक्ता मान्य केला की काम अगदी सोपं. १८७६ मध्ये छापून आलेली एक रीत आहे, तिच्यात फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि बाकी. एकही 'इफ' नाही! कनुथच्या जाडजूड पुस्तकाच्या पहिल्या खंडातही ईस्टरची तारीख काढायचा एक व्यायाम आहे. इंजिनिअरिंगला असताना ते पुस्तक मी फक्त उशाला घ्यायचो. या तारखांचा संपूर्ण क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला ५७ लाख वर्षं लागतात. माझ्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन सहा महिने टिकत नाही.

मग रंग. आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि ईस्टरचा काळ पांढरा, हुतात्म्यांना लाल, आणि वर्षातले दोनच रविवार गुलाबी. बाकी उरतो तो 'सामान्य काळ', त्याचा रंग हिरवा. इम्पोर्ट करताना कॅलेंडर नोंदींचे रंग पाळत नाही, म्हणून प्रत्येक रंगाचं वेगळं कॅलेंडर केलं. पांढरा रंग पांढऱ्या स्क्रीनवर दिसत नाही हे सगळं झाल्यावर कळलं. :) पांढऱ्याऐवजी सोनेरी चालतो म्हणून पिवळा टाकला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. एकाच दिवशी दोन सण आले तर काय?

यासाठी चर्चचा एक तक्ता आहे. १९६९ मध्ये कॅलेंडरची मोठी साफसफाई झाली तेव्हाचा. (त्याच साफसफाईत व्हॅलेंटाइनचं नाव जागतिक कॅलेंडरमधून निघालं. त्या आदेशावरची तारीख १४ फेब्रुवारी. म्हणजे मी ज्या सणाची बिर्याणी खाल्ली तो चर्चच्या लेखी तेव्हापासून नाहीच.) दिवसांना तेरा पायऱ्यांची उतरंड लावून दिलीय. ढोबळमानाने मी त्याचे चार दर्जे केले: महासण, सण, स्मरणदिन आणि ऐच्छिक स्मरणदिन. नियम थोडक्यात असा. वरच्या दर्जाचा जिंकतो. हरलेला महासण असेल तर तो रद्द होत नाही, पुढच्या मोकळ्या दिवसावर सरकतो. पण हरलेला स्मरणदिन असेल तर तो त्या वर्षापुरता गळतो. कुणी बोभाटा करत नाही.

उदाहरणार्थ २५ मार्च. गब्रिएल देवदूताने मरियेला निरोप दिला तो दिवस, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी. मोठा महासण. पण २०२४ मध्ये २५ मार्च पवित्र सप्ताहात आला. पवित्र सप्ताहात दुसऱ्या कुणाला जागा नाही. त्यानंतरचा आठवडा ईस्टरचा, तिथेही नाही. मग हा सण सरकत सरकत गेला थेट ८ एप्रिलवर. दोन आठवडे! माझ्या प्रोग्रामने हे उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर काढलं तेव्हा मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या.

सगळं बसल्यावर एक छोटी वेगळी फाइल केली, घरच्या तारखांची. गोन्सालो गार्सिया, आमच्या गावच्या चर्चचा सण, मम्मीचा वाढदिवस, आणि २९ मार्च. पप्पांचा दिवस. प्रोग्राम चालवला, कॅलेंडर मम्मीच्या फोनवर शेअर केलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

दोन दिवसांनी फोन.

"अरे, पहाटे साडेपाचची मिस्सा कधीपासून सुरू केली? मी चर्चला जाऊन आले. दार बंद."

मी कपाळाला हात लावला. दिवसभराची नोंद करताना मी वेळ मध्यरात्रीची टाकली होती, आणि टाइमझोन ग्रीनिचचा राहिला होता. भारतात ते दिसणार पहाटे साडेपाच. ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांना याच चुकीवरून मी रिव्ह्यूमध्ये झापलंय. आणि इथे माझ्या बगमुळे माझी आई अंधारात चालत चर्चला जाऊन आली होती.

माफी मागितली, दुरुस्त केलं. परत फोन.

"आता बरोबर दिसतंय. छान केलंस. सगळं आहे." मग थांबली. "पप्पांचा दिवस कुठाय?"

म्हटलं, असं कसं, टाकलाय मी. २९ मार्च बघ.

"२९ ला गुड फ्रायडे दिसतोय. पप्पा नाहीत."

लॅपटॉप उघडला. ती म्हणत होती ते बरोबर होतं. घरच्या फाइलमध्ये ज्या नोंदीला मी दर्जा लिहिला नव्हता तिला प्रोग्राम सगळ्यात खालचा दर्जा द्यायचा, ऐच्छिक स्मरणदिन. तो डिफॉल्ट मीच ठेवला होता. २०२४ मध्ये २९ मार्चला आला गुड फ्रायडे, उतरंडीतला सगळ्यात वरचा दिवस. प्रोग्रामने नियमाप्रमाणे बघितलं, खालचा दर्जा, गळला. एरर नाही, वॉर्निंग नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या.

मी पप्पांना गाळलं होतं.

मी मम्मीला काहीतरी तांत्रिक कारण सांगितलं. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो, कारण हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आदल्या वर्षी, २९ मार्च २०२३ ला, पप्पांची पहिली पुण्यतिथी होती. बुधवार. त्या रात्री आमचं प्रॉडक्शन रिलीज होतं. मी मम्मीला म्हणालो, जमेल असं वाटत नाही. ती म्हणाली, "काम असेल तर राहू दे." मी राहू दिलं. मिस्सा झाली, नातेवाईक आले, कबरीवर मेणबत्त्या लावल्या, आणि मी पुण्यात कॉन्फरन्स कॉलवर म्यूट होऊन बसलो होतो. रिलीज पहाटे तीनला रोलबॅक झालं, ते सोडा. मुद्दा हा की तेव्हाही मला कुणी अडवलं नव्हतं. दोन गोष्टी एका दिवशी आल्या, मी एकीला वरचा दर्जा दिला आणि दुसरी गळली. ती दुसऱ्या दिवसावर सरकवावी असंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. शनिवारी जाता आलं असतं. गेलो नाही. कॅलेंडरमध्ये 'डिक्लाइन' दाबलं की निमंत्रण दिसेनासंच होतं, तसं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, गुड फ्रायडेला पप्पांच्या नावाची मिस्सा कशी करायची?

"गुड फ्रायडेला मिस्सा नसतेच," मम्मी म्हणाली. "जगात कुठेच नसते. विसरलास?"

विसरलो होतो. त्या दिवशी दुपारी प्रार्थना असते, क्रुसाचं चुंबन असतं, पण मिस्सा नाही. शनिवारी दिवसाही नाही. माझ्या कोडमध्ये हे कुठेच नव्हतं, कारण मी दिवसांना नावं आणि रंग दिले होते, त्या दिवशी चर्चमध्ये काय होतं ते लिहिलं नव्हतं.

"मग?"

"मग काय, थांबायचं. मी फादरांशी बोलले. ८ तारखेला ठेवलीय. मरियेचा सण पण त्याच दिवशी ढकललाय ना. एवढा मोठा सण थांबतो, पप्पा नाही थांबणार? त्यांना सवय आहे." (पप्पांनी तीस वर्षं वसईहून चर्चगेटला नोकरी केली. लोकलसाठी थांबण्यात हयात गेली.)

८ एप्रिल, सोमवार. त्या दिवशी आमचा स्प्रिंट डेमो. मी रजा टाकली. मंगळवारी ९ तारखेला गुढीपाडव्याची सुट्टी होती, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांना वाटलं पठ्ठ्याने चार दिवसांचा लाँग वीकेंड जमवला. लीडने विचारलं, "महत्त्वाचं आहे का? डेमो तुझ्या मॉड्यूलचा आहे." मी हो म्हणालो. एवढंच. काही आभाळ कोसळलं नाही. डेमो गुरुवारवर सरकला.

सकाळची मिस्सा. मम्मी, मी, काका-काकू आणि नेहमीची पाचपन्नास मंडळी. फादरांनी ज्यांच्यासाठी मिस्सा होती त्यांची नावं वाचली, त्यात पप्पांचं तिसरं. वाचन देवदूताच्या निरोपाचं. नंतर कबरीवर गेलो. मम्मीने वाडीतला मोगरा आणला होता. वारा होता, मेणबत्ती चार वेळा विझली. काका म्हणाले, "तुझ्या बापाला मेणबत्ती पेटवायची घाई कधीच नव्हती." सगळे हसलो.

घरी आल्यावर मम्मीने कपाटातून २०२२ चं कालनिर्णय काढलं. मी कॅलेंडर केलं म्हणून तिला ते दाखवायचं होतं. पप्पांनी डिसेंबर २०२१ मध्ये नेहमीप्रमाणे आख्खं वर्ष लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. मार्चपर्यंत त्यांच्या हातचं निळंही होतं, दूध, गॅस, लाइट बिल. २९ मार्चनंतर निळं अक्षर मम्मीचं. पण लाल अक्षर तेच, थेट वर्षाच्या शेवटपर्यंत. १७ एप्रिल, ईस्टर. ५ जून, पेंटेकॉस्ट. २ नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस. २५ डिसेंबर, नाताळ, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'केकचं सामान आधी'.

म्हणजे ते गेल्यानंतरचे नऊ महिने आमचं घर त्यांनी लिहिलेल्या तारखांवरच चाललं होतं. मला पत्ताच नव्हता, कारण मी भिंतीकडे बघायचो नाही. "माणूस एकाच ठिकाणी बघतो रे."

पुण्याला परत येताना ट्रेनमध्ये कोडमध्ये दोन बदल केले. एक, दर्जा लिहिला नसेल तर प्रोग्रामने खालचा दर्जा धरायचा नाही, थांबायचं आणि मला विचारायचं. दोन, घरच्या फाइलमध्ये पप्पांच्या नावापुढे 'गळत नाही, सरकतो' असा एक नवीन दर्जा लिहिला. चर्चच्या तक्त्यात तो पप्पांना मिळणार नाही. माझ्या कॅलेंडरमध्ये मिळाला.

आता हे प्रकरण दर वर्षी आगमनकाळाच्या आधी चालवावं लागतं, कारण चर्चचं नवीन वर्ष तेव्हा सुरू होतं, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी. दर वर्षी काहीतरी नवीन फसतं. २०२५ मध्ये माझ्या प्रोग्रामने पेंटेकॉस्टनंतर सामान्य काळाचा नववा आठवडा छापला. मम्मीचा मेसेज आला, 'फादर दहावा म्हणाले.' बघितलं तर फादर बरोबर. काही वर्षी मधला एक आठवडा गाळावाच लागतो, आपल्या क्षय तिथीसारखा. मम्मी ही माझी एकमेव टेस्टर आहे आणि मी आजवर पाहिलेली सगळ्यात कडक टेस्टर आहे.

आणि हो, पनीरचं मी तिला नंतर सांगितलं. त्या ८ तारखेलाच, जेवताना. म्हणाली, "माहीत होतं. पनीर खाऊन कोणी एवढं खूश दिसत नाही."

असो. मशीनने शिट्टी दिलीय, कपडे वाळत घालायचेत. तुमच्याकडे घरातलं लाल पेन कुणाच्या हातात आहे, या वीकेंडला जरा बघून घ्या.

सोमवारी दहाला स्टँडअप. सामान्य काळ, रंग हिरवा.